ओहोटीचं चित्र

पाणी आलं ते भर दिवसा, सूर्य डोक्यावर असताना. चोरपावलांनी नाही, खळाळत आलं. तरी अख्ख्या गावात ते येताना कुणी बघितलं नाही, असं म्हणायला माणसांची तोंडं धजली तरी कशी, हे क्षितिजा स्वतःलाच विचारत राहायची.

दिवस सर्वपित्री अमावस्येचा होता. घरोघर वडे तळणं चाललेलं. क्षितिजाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, लहानगी मृणाली पदराला लोंबकळलेली. तेवढ्यात बांधाच्या बाजूनं सासऱ्याची हाक आली. दाजी कधी ओरडणारा माणूस नव्हे. पोरगी शेजारणीच्या ओटीवर ठेवली आणि ती तशीच पिठाच्या हातांनी धावली.

खारबावच्या पलीकडची ही सगळी भातं खाडीच्या काठाला, मातीच्या लांबलचक बांधाआड. बांधाला एके ठिकाणी मोरी, मोरीला सागाची जाड फळी आणि फळीला दोर. ओहोटी लागली की फळी वर ओढायची, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत उतरतं. भरती चढायच्या आत ती खाली सोडायची, नाही तर खाडी शेतात शिरते. हीच गावाची उघाडी. तिचा दोर एकतीस वर्षं दाजीच्या हातात होता. त्याला घड्याळ लागत नसे. आज तिथी कोणती, एवढं कळलं की उधाण किती आणि कधी, हे तो अंथरुणात पडल्यापडल्या सांगायचा.

त्या दिवशी उजाडताना त्यानं फळी वर घेतली. पितरांचं पान ठेवायला घरी आला. अंघोळ केली, पान ठेवलं आणि नऊच्या सुमाराला फळी सोडायला परत गेला, तर उघाडी जागेवर नव्हती. तिच्यावर कमरेएवढा मुरूम पडला होता. बांधावरून आरपार लाल रस्ता झालेला, त्यावर चाकांचे ताजे चरे. वीज कंपनीच्या चौथ्या टॉवरचा पाया मजबूत करायला काँक्रीटची गाडी जवळच्या वाटेनं न्यायची होती म्हणे. फळी खाली मुरमात, वर उचललेली तशीच, अडकून बसली होती.

क्षितिजा पोचली तेव्हा म्हातारा गुडघ्यांवर बसून हातांनी मुरूम उकरत होता. दोन नखं निघून आली होती.

"फावडा आन!" तो म्हणाला. "पानी फिरला. बग, फेस उलटा जाते."

तिनं फावडं आणलं. दोघं खणत राहिली. ती एक फावडं काढायची, वरून दोन घसरायची. मोरीच्या तोंडाशी आधी नुसती कुजबुज झाली, मग गुळण्या, आणि मग खाडी आत आली. भात पोटरीला आलेलं, आठवड्याभरात लोंब्या बाहेर पडायच्या. गढूळ पाणी त्याच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. एक वाजेपर्यंत एकशे दहा एकर तांबडं पाणी झालं होतं आणि त्यावर खाडीतला थर्माकोल तरंगत होता. दाजी बांधावर बसला. त्याच्या हातांचं रक्त आणि तिच्या हातांचं पीठ एकाच फावड्याच्या दांड्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी मुरूम उचलून नेलासुद्धा. नवी फळी बसवली, तिला हिरवा रंग मारला, दोर नायलॉनचा लावला. जागा अशी साफ केली की काल इथं काही झालं होतं, हे फक्त भाताला माहीत. पाचव्या दिवशी भात शेंड्याकडून पिवळं पडायला लागलं, आठव्या दिवशी वाळल्या गवतासारखं वाजायला लागलं. एकदा खारं पडलेलं रान तीन पावसाळे धुतल्याशिवाय दाणा धरत नाही.

*

क्षितिजाचं चित्र त्याच्या आधीचं, श्रावणातलं.

लग्नाआधी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती तिनं. गावात लग्न निघालं की भिंतीवर गणपती, मोर, नवरा-नवरी काढायला हिलाच बोलावणं. ते कुणीतरी कंपनीच्या माधव साहेबाच्या कानावर घातलं. कंपनी म्हणजे वीज वाहून नेणारी. खाडीतून टॉवर ओढत आणून गावाच्या वेशीवर सबस्टेशन बांधत होती. त्याची स्टेशनच्या रस्त्याला लागून असलेली भिंत, चाळीस हात लांब, कोरीच होती.

"विषय सोपा आहे," माधव साहेब म्हणाला होता. "निसर्ग आणि वीज, हातात हात घालून. हिरवंगार पाहिजे. खाडी, शेती, बगळे. टॉवर लांब दाखवा, बारीक."

"आणि तारा?"

"तारा काढूच नका. आकाश घाण होतं."

"तिवरं?"

"भरपूर काढा."

"ती तर तोडलीत ना तुम्ही? लाइनीखालची सगळी?"

साहेब हसला. "चित्रात कुठं तोडलीत?"

तेव्हा तीही हसली होती. आठवलं की आता कानशिलं तापायची. पण चित्र तिनं मन लावून काढलं, हे खोटं नव्हतं. रोज सकाळी दाजीबरोबर बांधावर जायची, बघून यायची आणि भिंतीवर उतरवायची. उघाडी मधोमध काढली. फळी वर उचललेली, खालून पाणी फेसाळत बाहेर पडतंय, कारण मिटलेली फळी म्हणजे नुसतं लाकूड आणि वाहतं पाणी म्हणजे जीव. बाजूला उघडा पडलेला चिखल काढला, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या, एका कुशीवर कलंडलेली होडी. दाजी येऊन बघून गेला होता. "सकाळचे सातची ओहोटी, प्रतिपदा," एवढंच बोलला होता. तिला दहा बक्षिसं मिळाल्यासारखं झालं होतं.

*

बाराव्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी मोटारसायकलवरून आला, माधव साहेब गाडीतून. गावातले पाच पंच, त्यांत पुढे लडकू. लडकूचे दोन ट्रॅक्टर कंपनीच्या कामावर होते, आणि गावातली आठ-दहा पोरं वॉचमन म्हणून लागणार होती ती लडकूच्याच शब्दावर.

"उघाडी उघडी होती का?" तलाठ्यानं विचारलं.

"व्हती. ओहोटीला उघडीच ठेवतात. वरशी मुरूम टाकला," दाजी म्हणाला.

"मुरूम कुठाय?"

दाजीनं हिरव्या फळीकडे बघितलं. "उचलला."

"कोणी टाकला? कोणी बघितला?"

पाच पंच होते, मागे पंचवीस माणसं होती. सगळी खाडीकडे बघायला लागली, जणू तिथून कुणी पाहुणा यायचा होता.

मग माधव साहेबानं गाडीतून एक रंगीत पत्रक आणलं. त्यावर भिंतीच्या चित्राचा फोटो छापलेला. "भाऊसाहेब, हे बघा. यांच्याच सुनेनं काढलंय, दोन महिन्यांपूर्वी. उघाडी सताड उघडी, पाणी वाहतंय. म्हणजे ही यांची रोजची पद्धत आहे. कुणी लक्ष देत नाही."

क्षितिजानं मान उंचावून पत्रकातलं आपलं चित्र पाहिलं.

"साहेब, ओहोटी हाय ती," दाजी म्हणाला. बँडेज बांधलेलं बोट त्यानं पत्रकावर टेकवलं. "चिखल उघडा हाय, बगा. होडी कलंडली हाय. पानी भायेर जाते, आत न्हाय येत."

"काका, चित्रातला चिखल नका दाखवू मला," तलाठी म्हणाला.

"मी काढलंय ना ते!" क्षितिजा पुढे झाली. "मी सांगते. भरतीला होडी उभी असते. निवट्या दिसत नाहीत. लहान पोरालाही कळतं—"

"ताई, तुम्ही कलाकार आहात. कल्पनेनं काढता." साहेब गोड बोलला. "सरकारी कागदात कल्पना चालत नाही."

लडकूनं दाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, वय झाला आथा. डोला लागला असंल. कोनाचे हातशी चूक न्हाय व्हत? आथा आराम कर. दोर मी बगतू."

तलाठ्यानं लिहिलं, उघाडीदाराच्या हयगयीमुळे. पक्का कागद तालुक्याहून लिहून यायचा होता, म्हणून वाचन आणि सह्या पुढच्या शुक्रवारी ठरल्या. ज्या लोकांनी एकतीस वर्षं दाजीच्या भरवशावर भात खाल्लं, ते त्याच्याकडे पाठ करून निघून गेले.

*

घरात दाजी बोलेनासा झाला. जेवायला ताट ओटीवर मागायचा. भरतीची वेळ झाली की बसल्या जागेवरून उठायचा, टॉवेल खांद्यावर टाकायचा, दारापर्यंत जायचा आणि उभा राहायचा. मग टॉवेल परत खुंटीला. दिवसातून दोनदा. क्षितिजा चुलीशी बसून ते बघायची आणि तिच्या हातातली भाकरी जाड व्हायची, फाटायची.

नळावर बायका तिला बघून आवाज कमी करायच्या, पण इतकाही कमी नाही. "म्हातारा झोपला नि गाव बुरवला." ही बोलणारी तीच, जिच्या बाळंतपणात याच दाजीनं खाडीतून होडी वल्हवत दवाखाना गाठला होता.

नवरा धनेश कामतघरला कापडाच्या लूमवर होता. लोडशेडिंगनं शिफ्टचे तुकडे झालेले. आठ तासांची ड्युटी, त्यातले चार तास लूम बंद, कारागीर फरशीवर आडवे. टॉवर दारात आणि वीज जाणार भलत्याच गावाला.

"लडकूदादा भेटलेला," तो तिला म्हणाला. "सबस्टेशनला वॉचमन घेतात. कायम."

"आणि?"

"आणि काय? तू गप बस. सेठ रोज बोलतो, धंदा बंद करके मुलुक चला जाऊंगा. मग काय खायाचं? बाबांना काय फाशी देणार हैत?"

"फाशी परवडली असती," ती म्हणाली. "तुमचा बाप दारापर्यंत जाऊन परत येतो, बघितलंय कधी? तुम्ही असता तेव्हा डोळे मिटून पडलेले असता."

"आवाज कमी कर."

"का? कमी आवाजात बोलूनच हे झालंय. सगळं गाव कमी आवाजात बोलतंय."

धनेश कूस बदलून झोपला. त्याच्या कानांच्या मागे कापसाची लव चिकटलेली होती. राग आला होता तरी तिनं ती बोटानं काढली.

बुधवारी माधव साहेबाचा निरोप आला. शुक्रवारी दुपारी पाहुणे येणार, लाइन चालू होणार. भिंतीचा खालचा भाग पावसानं मळलाय, गुरुवारी येऊन हात मारून जा. रंग गेटवर ठेवलेत.

निरोप ऐकून क्षितिजा बराच वेळ मृणालीचे केस विंचरत राहिली. पोरगी "आई, दुखतं" म्हणाली तेव्हा तिचा हात थांबला.

*

गुरुवारी सकाळी ती भिंतीपाशी पोचली. वॉचमननं रंगाचे डबे काढून दिले आणि तो पेपर वाचत बसला. मृणालीला तिनं शिडीच्या सावलीत गोणपाटावर बसवलं, हातात खडू दिला.

पहिला हात तिनं भातावर मारला. श्रावणात तीन दिवस खपून हिरव्याच्या पाच छटा जमवल्या होत्या. त्यांवरून पिवळ्या मातीचा रंग सपासप ओढला, वर काळपट तांबडा. मग तिवरं. एकेक झाड पुसून त्या जागी तिनं बुंधे काढले, कुऱ्हाडीच्या घावांनी पांढरे पडलेले, चिखलात रांगेनं. बारीक निळे टॉवर होते, ते जवळ आणले. खरे जेवढे दिसतात तेवढे केले, भिंतीच्या वरच्या कडेला डोकं लागेपर्यंत. आणि तारा काढल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा तारा, आकाश कापत जाणाऱ्या. एका तारेखाली बगळा, पाय वर, जसा परवा बांधावर पडलेला तिनं पाहिला होता.

शेवटी उघाडी. फळी वर, तशीच. तिच्यावर तिनं मुरमाचा ढीग ओतला. होडी उभी केली. चिखल पाण्याखाली घातला. पाणी आत वळवलं.

दुपारी स्टेशनावरून येणाऱ्या भाजीवाल्या बायका थांबल्या. डोक्यावरच्या पाट्या न उतरवता बघत राहिल्या.

"यो काय काढलंस गो?"

"अमावस्या," क्षितिजा म्हणाली. मागे वळली नाही.

मग एकीला राहवेना. "मुरूम त्याच्याहून उच व्हता. मोरीचा दगड पन दिसत न्हवता."

"तू कधी बघितलास?" क्षितिजानं विचारलं.

बाई चपापली. "मी... लांबशी."

"किती उंच?"

"आजून एक हात."

तिनं ढीग एक हात वाढवला. दुसरी म्हणाली, चाकांचे चरे दोन नव्हे, चार होते, गाडी दोनदा येऊन गेली. तिसरी म्हणाली, हौसाच्या शेतात पाणी कमरेला होतं, तू गुडघ्याला काढलंस. क्षितिजा ऐकत होती, दुरुस्त करत होती, आणि आत संतापानं तिचे दात एकमेकांवर घासत होते. या सगळ्यांनी पाहिलं होतं. लांबून, झाडाआडून, ओटीवरून. पाहिलं, वडे खाल्ले आणि गप्प बसल्या. तलाठ्यासमोर ज्यांना जीभ नव्हती, त्यांना चित्रातली चूक मात्र सहन होत नव्हती.

वॉचमननं पेपर खाली ठेवला आणि फोन लावायला आत पळाला. साहेबाचा फोन काही लागला नाही.

*

शुक्रवारी सकाळी ती चित्राची उरलेली कड पुरी करत होती, तेव्हा भिंतीसमोर अर्धं गाव जमलं होतं. दाजीला तिनंच आणलं होतं, दंडाला धरून. धनेश ड्युटी टाकून आला होता. बाजूला उभा, हात छातीशी घट्ट.

माधव साहेबाची गाडी आली, मागून सह्यांचा कागद घेऊन तलाठी, मागून मोटारसायकलवर लडकू. साहेब गाडीतून उतरला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय आहे? दुपारी पाहुणे येणारेत! चुना आणा. ताबडतोब!"

"आणा," क्षितिजा म्हणाली. "पण आधी भाऊसाहेबांना बघू दे. मागच्या वेळी माझं चित्र चाललं ना तुम्हाला पुरावा म्हणून? मग हेही चालू दे."

तलाठी चष्मा पुसून जवळ गेला. चरे बघितले, मुरूम बघितला. मागून बायकांचे आवाज यायला लागले, त्यांत एकदोन पुरुषांचेही. होय भाऊसाहेब, असंच होतं. दोन खेपा झाल्या. दाजी उकरत होता.

लडकू हसला. "आरं, चित्र हाय ते! ढिगारा काढला. मुरूम काय आभालातशी परला? टाकनारा कुठं हाय याच्यात? दाखव ना, कोन हाय?"

हे खरं होतं. चित्रात माणूस नव्हता. क्षितिजानं आपल्या डोळ्यांनी टाकताना कुणाला पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं काढायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. गर्दी पुन्हा जमिनीकडे बघायला लागली. साहेबानं तलाठ्याकडे पाहून खांदे उडवले.

"हाय," कुणीतरी म्हणालं. "काढाचा ऱ्हायला."

लोक बाजूला झाले. ठकुबाई होती, लडकूची आई. सत्तरीची, कमरेत वाकलेली, कासोटा वर खोचलेला. अमावस्येला ती नवऱ्याचं पान ठेवायला बांधावर जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टॉवर आल्यापासून कावळे गावात उतरत नाहीत, खाडीशीच घास घेतात.

"आये, घरी चल," लडकू म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता भिंतीशी आली आणि मुरमाच्या ढिगाला काठी लावली. "हिथं टॅक्टर काढ, पोरी. तोंड खाडीकरं. ट्राली उचललेली."

क्षितिजाचा ब्रश हवेतच राहिला.

"काढ म्हनते ना! लाल काढ. मडगाडवर एक मानूस बसलेला. पांढरा शर्ट. तो डायवरला हातान दाखवते, हिथं वत म्हनून."

"आये!"

"मी वराडले. लडक्या, फली वर हाय, दाजीला येऊ दे. त्यान आयकला. माझेकरं बगला पन." म्हातारीचा आवाज फुटला नाही, नुसता खरखरीत झाला. "मंग मना म्हनाला, तू पान ठेवलंस ना, जा घरा. मी घरा जेली. वीस दिस मी तोंड शिवून बसले. याचे बापासाठी ठेवलेला घास कावल्यान शिवला न्हाय तवा."

लडकूचा चेहरा काळवंडला. त्यानं हात उचलला की नुसता हलवला, कळलं नाही. पण धनेश मध्ये येऊन उभा राहिला.

क्षितिजानं लाल रंगात ब्रश बुडवला. सगळे बघत होते. ट्रॅक्टर फार चांगला जमला नाही, चाकं लहानमोठी झाली. मडगार्डवर पांढरा शर्ट काढला. तोंड काढलं नाही. कुणाला गरज नव्हती.

तलाठ्यानं मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला. हयगयीमुळे या शब्दावरून आडवी रेघ मारली आणि लिहिलं, उघाडीवर ट्रॅक्टरनं मुरूम टाकल्यामुळे.

"मोठ्यान वाचा," दाजी म्हणाला. किती दिवसांत तो पहिल्यांदा बोलत होता.

तलाठ्यानं मोठ्यानं वाचलं. ठकुबाईनं अंगठा उठवला. तिच्या मागे नळावरची ती बाई आली, मग पाटीवाल्या, मग पुरुष. साहेब फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत दूर गेला.

चुन्याच्या बादल्या आल्या. दोन मजुरांनी एका टोकाकडून भिंत पांढरी करायला सुरुवात केली. आधी तारा गेल्या, मग बगळा. क्षितिजानं मृणालीला कडेवर घेतलं आणि बघत राहिली. रडू येत नव्हतं. कागद बदलला होता, रान तर अजून तीन वर्षं खारंच होतं. दुपारी पाहुणे कोऱ्या भिंतीसमोर नारळ फोडतील, आणि ट्रॅक्टरसाठी लडकूला आणखी कुठली तरी वाट मिळेल.

दाजीनं सूर्याकडे पाहिलं. "भरतीची टाइम झाली," म्हणाला आणि बांधाच्या दिशेनं चालायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

त्याच्या मागोमाग ठकुबाई निघाली. लडकूनं मोटारसायकल चालू करून तिच्या आडवी आणली.

"बस, आये. उन हाय. लोकं बगतात."

म्हातारी थांबली. गाडीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग काठी चिखलात रोवून, मोटारसायकलला वळसा घालून, ती दाजीच्या मागे चालत राहिली.